रस्त्याच्या पलीकडचा चहा

राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी मोठ्या शहरात फिरायला जाऊ नये, एवढं एक सोडून बाकी सगळं आम्हाला लोकांनी सांगितलं होतं.

खालच्या मजल्यावरचे ओव्हरसिअर हे आमच्या बिल्डिंगचे प्रवासतज्ज्ञ. नोकरीत असताना एका खातेनिहाय चौकशीसाठी ते त्या शहरात काही दिवस राहून आले होते. चौकशी कुणाची होती हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण शहर मात्र त्यांना तोंडपाठ.

"लॉज अगदी हमरस्त्यावर घ्या," ते म्हणाले. "रस्त्यावर उघडणारी गॅलरी हवी. परेड नाकासमोरून जाते. खोलीबाहेर पाऊलसुद्धा टाकावं लागत नाही."

त्यांच्या पत्नीने हिला बाजूला घेऊन सांगितलं, की लॉजमध्ये रात्री-अपरात्री आगबिग लागली तर माणसाला अंगावर असेल त्या कपड्यांनिशी रस्त्यावर यावं लागतं. मी रात्री काय घालतो हे त्यांना गच्चीवरच्या दोरीमुळे ठाऊक असावं. दुसऱ्याच दिवशी हिने माझ्यासाठी निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा नवाकोरा नाइट सूट आणला. कॉलर, खिसा, सगळं काही. लॉजला थोडीफार आग लागायला हरकत नाही असं वाटावं, इतका तो चांगला होता.

ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले, "लॉजचा चहा पिऊ नका. थर्मास न्या आणि समोरच्या टपरीवरून भरून आणा."

ही तिन्ही माणसं माझ्या वाईटावर नव्हती. प्रत्येकाचा सल्ला सुटा घेतला तर शहाणपणाचाच होता. तीन शहाणी माणसं एकत्र आली की काय होतं हे मला ऑफिसातल्या समित्यांवरून कळायला हवं होतं.

बरोबर ही, आमची ठकू आणि हिची आत्या. आत्याबाई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. हिला त्यांनीच लहानाची मोठी केली. लग्न ठरताना मला पाहून त्यांनी मत दिलं होतं, "मुलगा सरळ आहे. फक्त त्याला एकट्याला कुठे पाठवू नका." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते वाक्य आमच्या घरात नांदतंय. ठकूलासुद्धा ते पाठ आहे. ही सहल मी एकट्याने ठरवली, तिकिटं मी काढली, लॉज मी शोधला, ते या वाक्यासाठी. आत्याबाईंना शहर दाखवायचं हे निमित्त. खरं म्हणजे आत्याबाईंना मला मी दाखवायचा होतो.

लॉजची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि गॅलरी खरोखरच हमरस्त्यावर उघडत होती. दाराची आतली कडी मात्र लागत नव्हती. हात काढला की दार आपलं आपण उघडायचं, एखाद्या आगाऊ पाहुण्यासारखं. मॅनेजर म्हणाला, "आतून खुर्ची लावा, बाहेर जाताना कुलूप लावा." खोलीत खुर्ची एकच होती. आत्याबाई रात्री त्या खुर्चीकडे आणि मग माझ्याकडे बघत होत्या.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. ही आंघोळीला गेलेली, आत्याबाई आणि ठकू झोपेत. मोबाइल चार्जिंगला लावला होता. मनात म्हटलं, सगळ्यांच्या हातात गरम चहा द्यावा. थर्मास उचलला. हा थर्मास लग्नात आत्याबाईंनीच दिलेला, गुलाबाच्या फुलांचा, वजनाला एखाद्या तान्ह्या मुलाएवढा. दार उघडं टाकून जाणं बरं दिसेना, म्हणून बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि बाथरूमच्या दिशेने म्हटलं, "दोन मिनिटांत चहा आणतो." कपडे बदलले नाहीत. दोन मिनिटांसाठी कोण बदलतो? शिवाय नाइट सूट कुणी पाहिला असता तर माझी काही हरकत नव्हती.

रस्ता एवढा रुंद आणि एवढा मोकळा होता, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी आरामात पलीकडे गेलो, थर्मास भरून घेतला आणि मागे वळलो, तर रस्त्याच्या कडेने दोर ताणलेला आणि दोरामागे हवालदार.

"रस्ता बंद," तो म्हणाला.

"मला फक्त समोर जायचंय. ते काय, तिथे."

"सगळ्यांना समोरच जायचं असतं."

"कधी उघडेल?"

"परेड संपल्यावर."

"कधी संपेल?"

"आधी सुरू तर होऊ द्या."

या युक्तिवादात चूक काढता येत नव्हती. एवढ्यात आमच्या गॅलरीत ही आली. केस पुसता पुसता तिने मला पाहिलं आणि हात हलवला. मीही हात हलवला. तिने पेल्याने चहा प्यायल्याची खूण केली. मी थर्मास उंच धरून दाखवला. ती आत गेली, आणि लगेच बाहेर आली ती कुलूप उघडण्याची खूण करत. मी किल्ली दाखवली. आमच्यामध्ये एक अख्खा हमरस्ता होता, पण माझी बायको त्या क्षणी काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द कळलं.

मग आत्याबाई आल्या. त्यांनी फार विचार केला नाही. किल्ली फेक, अशी खूण केली.

आता, मी लहानपणीसुद्धा मैदानात उभा केला गेलो तो चेंडू येणार नाही अशा जागी. तरी आत्याबाई बघताहेत म्हटल्यावर मी हात मागे घेतला. हवालदाराने तो हात वरच्या वर धरला.

"काय फेकताय?"

"किल्ली. बायकोला."

"आणि ती लागली एखाद्या घोड्याला, मग?"

घोडे तोपर्यंत दिसतही नव्हते, पण माझा नेम बघता त्याची भीती रास्त होती. मी टपरीवाल्याचा फोन मागून घेतला आणि तेव्हा लक्षात आलं, की हिचा नंबर मला येत नाही. येणार कसा? मी आजवर फक्त तिच्या नावावर बोट ठेवलं होतं. तोंडपाठ होता तो एकच नंबर, ऑफिसचा. तो लावला. बराच वेळ घंटा वाजली. राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑफिसात घंटेशिवाय कुणी नसतं.

"घड्याळाच्या मनोऱ्यापाशी जा," टपरीवाला म्हणाला. "तिथून पलीकडे सोडत असतील."

"असतील" या शब्दाकडे मी लक्ष दिलं नाही.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी मोठी रांग होती. मी शेवटच्या माणसाला विचारलं, "ही पलीकडे जाण्याची ना?" तो म्हणाला, "पलीकडेच निघते." मी उभा राहिलो. मागून आणखी माणसं आली. रांग एका कमानीतून आत गेली, आणि आत शिरल्यावर कळलं की हे वस्तुसंग्रहालय आहे. सुट्टीनिमित्त प्रवेश मोफत होता आणि आल्या वाटेने परत जायला बंदी होती. बाण दाखवतील तसंच जायचं. तो माणूस खोटं बोलला नव्हता. रांग एका दाराने शिरत होती आणि इमारतीच्या पलीकडे निघत होती, रस्त्याच्या नव्हे.

आलोच आहोत तर बघून घ्यावं, असं म्हणण्याची माझी मनःस्थिती नव्हती, पण बाणांना ते सांगायचं कसं? मी तलवारी पाहिल्या, नाणी पाहिली, हात नसलेले पुतळे पाहिले. त्यांच्याबद्दल मला प्रथमच काहीतरी वाटलं. शेवटचं दालन होतं 'गेल्या शतकातील गृहोपयोगी वस्तू'. तिथे काचेच्या पेटीत शिवणयंत्र होतं, कोळशाची इस्त्री होती आणि त्यांच्या शेजारी गुलाबाच्या फुलांचा थर्मास होता.

बाहेर पडताना रखवालदाराने मला अडवलं.

"वस्तू जागेवर ठेवा."

"हा माझा आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"अहो, ह्यात चहा आहे."

त्याने झाकण उघडून वास घेतला. मग मला घेऊन तो उलट्या बाणांनी दालनात गेला. त्यांचा थर्मास पेटीत सुखरूप होता. त्याने दोन्ही निरखून पाहिले आणि म्हणाला, "तुमचा जास्त चांगल्या अवस्थेत आहे. देणगी द्यायचा विचार आहे का?" आत्याबाईंनी दिलेला आहेर मी संग्रहालयाला देऊन लॉजवर परतलो असतो, तर काचेच्या पेटीत मलाच ठेवावं लागलं असतं. मी नाही म्हटलं. तसा त्याचा संशय पुन्हा जागा झाला, आणि पहिल्यांदाच त्याने मला पायांपासून वरपर्यंत नीट पाहिलं. स्लिपर. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा.

त्याने बाहेरच्या हवालदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. हवालदार माझ्याकडे आला तो एकदम वेगळ्याच आवाजात बोलत. मोठ्याने, सावकाश आणि प्रेमाने.

"चला काका. फिरून झालं ना? आता परत जायचं."

मला वाटलं, लॉजवर. मी कृतज्ञतेने त्याच्याबरोबर निघालो. तो मला घेऊन गेला सरकारी रुग्णालयात. आत शिरताच मला हिच्या खरेदीचा सगळा उलगडा झाला. व्हरांड्यात बसलेले, टेकलेले, लंगडणारे सगळे पुरुष निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांत होते. माझे कपडे त्यांच्यापेक्षा नवे होते, एवढंच.

"कुठल्या वॉर्डातून पळालात?" सिस्टरने विचारलं.

"मी पेशंट नाही."

"ते डॉक्टर ठरवतील."

"डॉक्टर कुठे आहेत?"

"परेडला."

मी माझं नाव सांगितलं. तिने कागद पाहिला आणि मान हलवली. "कालही वेगळंच नाव सांगत होतात." हर्नियाच्या ऑपरेशनच्या भीतीने एक गृहस्थ पहाटे निघून गेले होते आणि त्यांची खाट रिकामी होती. सरकारी व्यवस्थेत रिकामी जागा आणि हजर माणूस एकाच वेळी सापडणं हा दुर्मिळ योग असतो. तो सिस्टरने वाया जाऊ दिला नाही. माझ्या मनगटाला पट्टी बांधली गेली, थर्मास कपाटात ठेवला गेला आणि ऑपरेशन उद्या आहे असं मला धीर देऊन सांगण्यात आलं.

"मला सोडा, मी स्वतःच्या जबाबदारीवर जातो," मी म्हटलं.

"त्यासाठी डिस्चार्ज लागतो."

"मग द्या."

"डिस्चार्जचं ऑफिस आज बंद. राष्ट्रीय सुट्टी."

मी खाटेवर बसलो. इतका वेळ मी स्वतःला समजावत होतो की हे सगळं गमतीचं आहे, घरी गेल्यावर सांगता येईल. पण आता ठकू उठली असेल, दार वाजवत असेल. संध्याकाळची गाडी होती. खोलीला काही झालं, खरंच काही झालं, तर किल्ली माझ्या खिशात होती आणि मी हर्नियाच्या खाटेवर. आत्याबाईंचं ते वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदाच पटलं.

शेजारच्या खाटेवर पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेले एक गृहस्थ पडल्या पडल्या सगळं ऐकत होते.

"तुमचं चुकतंय," ते हळूच म्हणाले. "इथे 'मी बरा आहे' म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. दुखतंय म्हणा. एक्स-रे नव्या इमारतीत आहे. रस्त्याच्या पलीकडे. खालून भुयारी मार्ग आहे."

मी ताठ बसलो. "छातीत दुखतंय म्हणू?"

"छाती नको. छातीची सोय इकडेच आहे. गुडघा म्हणा."

सकाळपासून मी निरोगी असल्याचं पोलीस खात्यापासून आरोग्य खात्यापर्यंत सगळ्यांना सांगत आलो होतो. तो सगळा स्वाभिमान बाजूला ठेवून मी उजवा गुडघा धरला आणि कण्हलो. पहिलं कण्हणं फारसं जमलं नाही. दुसरं इतकं जमलं की प्लॅस्टरवाल्या गृहस्थांनी समाधानाने डोळे मिटले.

सिस्टरने वॉर्डमधल्या मामांना बोलावलं. मामा म्हणजे तिथले जुने कर्मचारी, खाकी कपड्यातले, बेतशीर मिशीचे. ते चाकांची खुर्ची घेऊन आले.

"चालतो मी," मी म्हटलं.

"गुडघा दुखतोय ना? मग बसा."

माझ्या मांडीवर त्यांनी घोंगडी टाकली आणि आम्ही उतारावरून भुयारात शिरलो. थर्मास मात्र मागे कपाटातच राहिला. डोक्यावर बँडचा धमधम आवाज घुमत होता. मधोमध मामा थांबले.

"घोडे," ते म्हणाले.

वरून टापा ऐकू येत होत्या.

"आता ह्यांच्यामागून शाळेची पोरं येतील. दर सुट्टीला माझी ड्युटी असते. बघायची राहूनच गेली परेड. इथून ऐकतो दरवर्षी."

एक्स-रेच्या दारावर पाटी होती, 'राष्ट्रीय सुट्टीनिमित्त बंद'. मामा खुर्ची परत वळवायला लागले, तेव्हा मी दोन्ही हातांनी चाकं धरली आणि त्यांना सगळं खरं सांगितलं. लॉज, चहा, दोर, संग्रहालय. पुरावा म्हणून किल्ली दाखवली.

"कुलूप लावून आलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आत कोण?"

"बायको, मुलगी आणि बायकोची आत्या."

त्यांनी खुर्ची वळवायची थांबवली. "आत्यासुद्धा?"

"हो."

हे ऐकून त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्याही घरी कुणीतरी असावं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गॅलरी हमरस्त्यावर आहे म्हणालात ना?"

नव्या इमारतीच्या फाटकाबाहेर मुंगीला शिरायला वाव नव्हता. मी उठायला लागलो, तर मामांनी माझा खांदा खाली दाबला. "उठू नका. उठलात तर चेंगराल." आणि त्यांनी नुसतं म्हटलं, "पेशंट आहे हो."

समुद्र दुभंगावा तशी गर्दी बाजूला झाली. बायका हळहळल्या. कुणीतरी माझ्या हातात कागदी झेंडा दिला, कुणी बिस्किटांचा पुडा. एक आजोबा म्हणाले, "एवढ्या आजारपणातही परेड बघायला आला." मी चेहरा जमेल तितका कृश केला. खरं सांगायचं तर तिथून लॉजपर्यंतचा प्रवास हा माझ्या सगळ्या सहलीतला सर्वात सुखाचा भाग होता. माझ्यासाठी कुणी वाट काढून देण्याची ही पहिलीच वेळ.

लॉजपाशी आल्यावर मी वर पाहिलं. गॅलरीत तिघी होत्या. ठकू कठड्याला लोंबकळून हसत होती. आत्याबाई त्या एकमेव खुर्चीत. ही हातात कप घेऊन रस्त्याकडे बघत होती. मग तिची नजर खाली आली. चाकांची खुर्ची, मांडीवर घोंगडी, मनगटाला पट्टी.

तिच्या हातून कप खाली ठेवला गेला नाही, तो नुसता सुटला. दोन्ही हातांनी कठडा धरून ती वाकली. मी तिला रागावलेली पाहिली आहे, कंटाळलेली पाहिली आहे, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला ते सोसेना. मी घोंगडी टाकून ताडकन उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून जागच्या जागी उड्या मारल्या, काही झालं नाही हे कळावं म्हणून. बिस्किटं देऊन मागोमाग आलेल्या बाईंनी पुडा परत घेतला.

मी जिने चढलो, मामा खुर्ची मिटवून मागोमाग. कुलूप काढलं. ही दारातच उभी होती. तिने माझं मनगट धरलं, पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"हर्निया?"

"माझा नाही."

"दोन मिनिटं म्हणाला होतात," ती म्हणाली, आणि मनगट तिने सोडलं नाही.

हळूहळू इकडची हकिगत कळली. दार वाजवल्यावर मॅनेजर आला होता. दुसरी किल्ली आहे का विचारलं, तर म्हणाला, आहे, पण हरवू नये म्हणून ती पहिलीच्याच रिंगमध्ये अडकवलेली असते. कुलूप फोडायला मालकांची परवानगी हवी आणि मालक फोन उचलत नव्हते. मग आत्याबाईंनी सामानाची दोरी सोडवून तिला पिशवी बांधली आणि गॅलरीतून खाली सोडली. फेरीवाल्याने त्यात चहा दिला, खाऊ दिला, ठकूसाठी पिपाणीसुद्धा दिली. परेड त्यांनी अगदी पहिल्या रांगेतून पाहिली. घोडे, बँड, शाळेची मुलं, सगळं.

"घोडे किती जवळून गेले, बाबा," ठकू म्हणाली. "तुम्ही पाहिले?"

"ऐकले," मी म्हटलं.

आत्याबाई खुर्चीतून उठल्या. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, धुळीने भरलेल्या स्लिपरांकडे पाहिलं, दारात संकोचून उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं.

"सकाळी मी जागीच होते," त्या म्हणाल्या. "कुलूप लावताना दोनदा ओढून पाहिलंत ते ऐकलं. बसा इथे. हे कोण?"

"ह्यांनी मला आणलं. ह्यांनी परेड कधी पाहिलेली नाही."

"मग त्यांना पुढे येऊ द्या."

मी खुर्चीत बसलो, मामा कठड्यापाशी टोपी काढून उभे राहिले. पण बँड एव्हाना लांब गेला होता. रस्ता मोकळा पडला होता, नुसते कागदी झेंडे आणि घोड्यांची लीद. मामा तरीही वाकून, टाचा उंचावून बघत होते. वळणावरून काहीतरी यायला लागलं, तसे ते ताठ झाले.

आधी झाडूवाले आले, एका रांगेत, एकाच लयीत झाडू मारत. त्यांच्यामागून महापालिकेचा पाण्याचा टँकर, दोन्ही बाजूंनी फवारे सोडत, सावकाश.

"आले," मामा म्हणाले.

त्यांना सांगायचं कुणी, की परेड संपली? हिने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. आणि आत्याबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शाळेत बक्षीस समारंभाला वाजवतात तशा, मोजूनमापून, खणखणीत. मग ठकूने पिपाणी फुंकली, हिने टाळ्या धरल्या, मी उभा राहून झेंडा हलवला. मामांचे डोळे भरून आले होते. आमचं बघून खालच्या फूटपाथवरचे चार लोक टाळ्या वाजवायला लागले, मग आणखी.

टँकर आमच्या गॅलरीखाली थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून वर पाहिलं, मग या टाळ्या कुणासाठी आहेत ते बघायला मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला, दोन्ही फवारे होते त्याच्या दुप्पट सोडले आणि सरळ समोर नजर ठेवून, रस्त्यावरच्या त्या सकाळच्या हवालदाराला नखशिखांत भिजवत, गाडी पुढे काढली.